घरातलाच पगार

झारसुगुडा, ओडिशा
१८ ऑगस्ट २०२५

शेखर,

दादा लिहिणार नाय. भर हळदीत तू मला तांब्या फेकून मारलास तेव्हाच ते संपलं. भुवईवरची खूण अजून हाय. वेल्डिंगचा चष्मा लावला की बरोबर तिथंच रुततो.

पत्र बघून हसशील. फोनच केला असता, पण तू नंबर ब्लॉक केलास. दुसऱ्याच्या फोनवरून केला तर आवाज ओळखून कट करतोस. पिऊन फोन केले, शिव्या दिल्या, ते मान्य. पण आता माझा फोनही माझ्याकडं नाय. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. सातवी नापास माणूस पत्र लिहितोय. चुका काढत बसू नको, कामाचं वाच.

माझे चाळीस हजार रुपये तुझ्या नावावर अडकलेत. ते काढून दे.

कसे अडकले ते सांगतो, नायतर म्हणशील वाल्या परत बनवाबनवी करतोय. गेल्या वर्षी इकडं यायला निघालो तेव्हा भरतीवाला म्हणाला पॅनकार्ड लागेल. माझ्याकडं नव्हतं. आईला विचारलं. आई म्हणाली, दादाचं आहे की कपाटात, घरात एक असताना दुसरं कशाला काढतो? मलाही पटलं. रेशनकार्ड घराला एक, गॅसचं पुस्तक एक, तसं पॅनही एकच पुरत असेल. तुझ्या पॅनचा फोटो काढून दिला. भरतीवाल्यानं नावबिव काही बघितलं नाय, नुसता नंबर टाकला. तेव्हापासून माझा पगार सरकारच्या कॉम्प्युटरात तुझ्या नावानं पडतोय. म्हणजे तू नाशिकरोडला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात खुर्ची गरम करतोस आणि त्याच वेळी इथं बॉयलरच्या ट्यूबा पण जोडतोस. लय कष्टाळू आहेस.

जानेवारीत कंपनीनं आम्हा हायप्रेशर वेल्डरांना बोनस दिला, दोन लाख. अट अशी की दोन्ही युनिटचं काम संपेस्तोवर सोडून जायचं नाय. गेलास किंवा काढला गेलास, तर सगळा बोनस परत. त्यातून चाळीस हजार टॅक्स कापला आणि बाकीचे खात्यात टाकले. मी त्यातला रुपया मोडला नाय. खोटं वाटेल तुला. आपल्या पॉवर स्टेशनच्या गेटसमोर वर्कशॉप टाकायचं होतं, मशीन पण बघून ठेवली होती.

जूनमध्ये मला काढला.

ललितभाऊ म्हणून घोटीचा एक रिगर आहे इथं, उंचावर लोखंड चढवणारा, आपले बाबा असते तर त्यांच्या वयाचा. त्याला दिलेला सेफ्टी पट्टा फाटका होता. तो फोरमनला म्हणाला, साहेब दुसरा द्या मग चढतो. एवढंच म्हणाला. फोरमननं त्याच्या कानाखाली अशी काढली की त्याचं हेल्मेट गरगरत खाली गेलं. माझ्या हातात चिपिंगचा हातोडा होता. मधलं मला आठवत नाय, आणि जे आठवतं ते लिहिण्यासारखं नाय. फोरमनचे दात पायाखालच्या जाळीतून खाली पडले ते आठवतं. पाइपांवर टणटण वाजत गेले.

मग कंपनीनं बोनस परत मागितला. खात्यात आले होते तेवढे मी दुसऱ्याच दिवशी भरले. कंपनी म्हणते दोन लाख दिले होते, दोन लाखच पाहिजेत. म्हटलं, टॅक्स काय मी खाल्ला? तर म्हणे मार्च उलटला, तो सरकारकडं जमा झाला, आता तुझा तू मागून घे. आणि तेवढे चाळीस हजार त्यांनी खंडेराव मुकादमाच्या बिलातून कापले, कारण मला कामाला लावणारा तो, जामीन पण तोच. खंडेराव नांदगावचा. त्यानं माझं आधार, वेल्डरचं सर्टिफिकेट आणि मोबाइल काढून घेतलाय. गेटबाहेर त्याची भंगाराची शेड आहे, तिथं मला गॅस कटरवर बसवलाय. मजुरी नाय, दोन टाइम जेवण. चाळीस हजार ठेव आणि कागद उचल, म्हणतो. सर्टिफिकेटशिवाय मला कुठल्याच प्लांटच्या गेटवर उभं करत नाय, म्हणून पळून पण जाता येत नाय.

कंपनीच्या अकाउंटमधल्या मॅडम बऱ्या आहेत. त्या म्हणाल्या, भावाचा पगार धरून पण एवढ्या कमाईवर टॅक्स बसत नाही, रिटर्न भरलं की कापलेला सगळा परत येतो. पण येणार तो ज्याचं पॅन त्याच्या खात्यात. पंधरा सप्टेंबरच्या आत भरायला सांग म्हणाल्या.

म्हणून तुला लिहिलं. दुसरं कुणी चाललं असतं तर तुझं तोंड आठवलं नसतं.

रिटर्न भर, पैसे आले की कळव. फुकट नको करू, दोन हजार तुझे ठेव. उत्तर खाली चहावाल्याचा पत्ता दिलाय तिथं टाक. शेडवर आलेलं पाकीट खंडेराव फोडतो.

नाय केलंस तर मी काय करतो ते तू फोरमनला विचार.

वाल्मीक


२० सप्टेंबर

शेखर साहेब,

पंधरा तारीख गेली. तुमचं उत्तर नाय. ऑफिसात लय काम असेल.

अक्षर वाकडं आलंय कारण कागद दाबून धरायला डावा हात नाय. शेडमध्ये पाइप धरायचा मोठा व्हाइस आहे. परवा सगळे जेवायला बसले होते, तेव्हा खंडेरावनं मला उठवून त्याच्यापाशी नेलं.

"काय म्हणतो भाऊ?"

"पत्र टाकलंय."

"पत्र?" तो बाकीच्यांकडं बघून म्हणाला. "आरं, भावाला पत्र टाकतंय हे येडं. लग्न झालंय ना रं त्याचं? बायकोच्या हाती लागलं तर संशय घेईल."

सगळे हसले. मी पण हसलो. खरंच हसू आलं, काय करू. मग त्यानं माझी डावी करंगळी व्हाइसच्या जबड्यात ठेवली आणि दांडा फिरवायला लागला. मी त्याच्या पोटात लाथ घातली तर त्याच्या दोन माणसांनी मला मागून धरलं. ओली काटकी मोडते तसा आवाज आला. समोर ललितभाऊ ताट घेऊन बसला होता, त्यानं ताट भिरकावलं तर त्याला पण तुडवला.

"ही डावी होती," खंडेराव म्हणाला. "डावीनं तुझं काय अडत नाय. दिवाळीपर्यंत वाट बघतो, मग उजवा पंजा."

उजवा म्हणजे काय ते तुला कळणार नाय. मी जोडलेल्या ट्यूबचा एक्स-रे काढतात. त्यात बारीक दाणा जरी दिसला तरी जोड कापून फेकतात. माझा एक पण कापलेला नाय. ज्या दिवशी हायप्रेशरची टेस्ट पास झालो त्या दिवशी सर्टिफिकेट हातात धरून फोटो काढला आणि सगळ्यात आधी तुला पाठवला. तेव्हा ब्लॉक केलं नव्हतंस. निळ्या टिका आल्या. तू बघितलास. एक अंगठा पण नाय टाकला तू, शेखर. नुसता अंगठा टाकायला काय पैसे पडतात?

जाऊ दे. मॅडम म्हणतात अजून पण भरता येतं, थोडा दंड बसतो. दंड माझ्यातून काप. पण भर.

आणि नसशीलच भरणार तर तसं लिही. म्हणजे मी तुझ्यावर थुंकून मोकळा होतो.

वाल्मीक


१२ ऑक्टोबर

ए शेखर,

आता बघ मजा.

खंडेराव दिवाळीला घरी चाललाय. मी काल स्वतःहून त्याच्याकडं गेलो. म्हटलं, नांदगावला जाताय तर पुढं नाशिकला पण जाऊन या. एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनच्या चिमण्या लांबून दिसतात, त्या बघत गेलं की कॉलनीच्या मागं गल्ली लागते, पिठाच्या गिरणीसमोरचं घर. भाऊबिजेला वहिनीचा भाऊ येतो, तेव्हा शेखर घरीच असणार. टॅक्सचे पैसे त्याच्या खात्यात आलेत आणि हरामखोर दाबून बसलाय. मला नाय देत, तुम्हाला देईल.

खंडेराव विडी झटकत म्हणाला, "आणि नाय दिले तर?"

"तर वाजवा कानाखाली."

"दोन का चार?"

"तुम्हाला वाटेल तेवढ्या."

त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याचा हात अंगाला लागला आणि दुखलं नाय.

तर आता तूच बघ. शहाणा असशील तर पैसे काढून ठेव. तुला मारल्याचं मला वाईट वाटणार नाय. माझी करंगळी वाकडी जुळली, तेव्हा तुला वाटलं का वाईट? हळदीत तांब्या फेकलास तेव्हा विचारलंस का, मी डीजेवाल्याला का हाणला? आता सांगतो. त्यानं आईला स्टेजसमोरून हात धरून बाजूला ओढलं होतं, म्हातारी मध्येमध्ये येते म्हणून. तू नवरदेव होतास, तुला दिसलं नाय. मला दिसलं. आणि तू तांब्या मला मारलास.

आईला म्हणावं त्या दिवशी घराबाहेर जा. तिनं बघायला नको.

वाल्मीक


२ नोव्हेंबर

नाव पण लिहायची इच्छा नाय.

खंडेराव आला. उजव्या हाताला फडकं बांधलेलं. म्हणाला अनारानं भाजलं. स्टीलचा डबा भरून चिवडा आणला होता, सगळ्यांना वाटला, मला पण मूठभर दिला. शेंगदाणे लाल होईस्तोवर तळलेले, लसूण ठेचून घातलेला. आपल्याकडं करतात तसा. तो खाताना मी एकदाच विचारलं, गेला होता का भावाकडं?

"गेलो होतो की. दारातूनच हाकललं. म्हणाला असा कोणी भाऊ नाय मला. मेला तर कळवा म्हणाला, जाळायला पण येणार नाय."

मी म्हटलं, खोटं.

तर सळई घेऊन त्यानं मला बरगड्यांवर झोडला. खोटं म्हणालो म्हणून, आणि पैसे मिळाले नाय म्हणून. बाकीचे चिवडा खात होते. मार खाताना मी त्याला शिव्या देत नव्हतो, तुला देत होतो. मोठमोठ्यानं, तुझं नाव घेऊन. खंडेराव मारायचा थांबला आणि हसायला लागला.

ऐक. असा कोणी भाऊ नाय ना तुला? मग परक्या माणसाला मारायला पाप लागत नाय. खंडेरावनं मुदत या महिन्याअखेरपर्यंत वाढवलीय, मग माझा पंजा जाईल. जाऊ दे. डाव्या हातानं पेट्रोलची बाटली फेकता येते. तुझ्या दारात येईन आणि तुला त्या पॅनकार्डासकट पेटवीन. वहिनीला माहेरी पाठव. आईला पण पाठव कुठंतरी. तू एकटा थांब.


एकलहरे
८ नोव्हेंबर २०२५

वाल्मीकभाऊजी,

तुमचं चौथं पत्र काल आलं. यांनी वाचलं आणि मला पाटीवर लिहून दाखवलं, "त्याला काही कळवू नकोस." पाटीवर लिहितात, कारण यांचा जबडा तारेने बांधलाय, तोंड उघडत नाही. आजवर मी यांचं ऐकलं. आता नाही ऐकणार.

तुमचं पहिलं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे अर्धी रजा टाकून टॅक्सवाल्याकडे गेले. मी सोबत होते. त्याने कॉम्प्युटरवर बघितलं आणि विचारलं, "शेखरभाऊ, हा ओडिशाचा पगार दिसतोय, बोनस दिसतोय. हा तुमचा आहे का? नसेल तर तसं लिहून द्या. मग कंपनीकडून दुरुस्ती होईल, पण त्यात बरेच महिने जातील." हे म्हणाले, "घरातलाच आहे. भरा." तिथल्या तिथे भरलं. मी म्हटलं, भाऊजींना कळवा तरी. तर म्हणाले, "पैसे हातात आल्यावरच कळवू. नुसतं पत्र पाठवलं तर म्हणेल दादा टोलवतोय." तुमच्या करंगळीचं वाचलं त्या दिवशी यांनी ताट बाजूला सारलं.

पैसे दसऱ्यानंतर आले. दिवाळीच्या आत स्वतः तिकडे जायचं, मुकादमाच्या हातावर पैसे ठेवायचे आणि तुम्हाला घेऊन यायचं, असं ठरलं होतं. तिकडे जायचं यांचं एक आणि परतीची दोन अशी तिकिटं काढून ठेवली होती.

तेवढ्यात तुमचं तिसरं पत्र आलं. मी म्हटलं, पोलिसांत सांगून ठेवू. हे म्हणाले, "येतोय तर येऊ दे. इथेच देऊन टाकू, वाल्या तेवढा लवकर सुटेल."

भाऊबिजेला तो दोन माणसं घेऊन आला. आईंनी चहा दिला. यांनी पैसे दिले. त्याने ते मोजून खिशात घातले आणि म्हणाला, "हे व्याजात गेले. मुद्दल राहिली." यांनी त्याची कॉलर धरली. मग त्याने दारामागे टांगलेलं यांचंच हेल्मेट काढलं. भाऊजी, मी सगळं लिहू शकत नाही. माझा भाऊ मध्ये पडला तर त्याला उंबऱ्यावर आपटलं. यांच्या हनुवटीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आई तिथेच होत्या. जाताना तो म्हणाला, पोलिसांत गेलात किंवा पोराला कळवलंत तर त्याचा उजवा हात पार्सलने पाठवीन. तुमच्यासाठी आईंनी भरलेला चिवड्याचा डबा ओट्यावर होता. तोही उचलून नेला.

म्हणून आम्ही गप्प बसलो. तुमच्या हातासाठी. आणि तुम्ही लिहिता पेट्रोल टाकीन.

या, टाका. मी माहेरी जाणार नाही. पण आधी यांना चमच्याने पेज भरवा आणि मग काय टाकायचं ते टाका.

वेदिका


सरकारी दवाखाना, झारसुगुडा
२४ नोव्हेंबर

दादा,

हे डाव्या हातानं लिहितोय, थोडं थोडं. अक्षर लागलं नाय तर वहिनीकडून वाचून घे.

वहिनीचं पत्र चहाच्या टपरीवर फोडलं. वाचून झालं आणि मी तसाच शेडवर आलो. तो स्टीलचा डबा खिळ्यांसाठी वापरायला काढला होता. खिळे ओतले आणि पालथा केला. तळाला आईचं नाव कोरलेलं. बायडाबाई. बाबांनी रविवार पेठेतून भांडी आणली होती तेव्हा घातलेलं. ह्याच्यातला चिवडा मी बोटं चाटून खाल्ला, दादा.

खंडेराव व्हाइसपाशी वाकून पाइप बघत होता. मी कटर पेटवला आणि त्याच्या गळ्याशी नेला. त्याच्या मिशीला चरका बसला तेव्हा त्याला कळलं.

म्हटलं, "हात ठेवा आत."

"वाल्मीक, डोकं ठिकाणावर आण."

"उजवा. ज्याला फडकं होतं तो."

त्यानं स्वतःच ठेवला. मी एका हातात कटर धरला आणि दुसऱ्या हातानं दांडा फिरवला. त्याची दोघं माणसं पुढं आली होती, आग बघून तिथंच थांबली. मी म्हटलं, "भावाकडं गेला होतात तेव्हा तो काय म्हणाला?"

"सांगितलं की तुला. असा कोणी भाऊ नाय."

मी अजून फिरवला. तो असा ओरडला की बाहेर ट्रकवाले थांबले.

"काय म्हणाला?"

"शिव्या दिल्या त्यानं."

आणखी फिरवला. हाडं वाजली. माझी करंगळी वाजली होती तशीच, पण एकाच वेळी पुष्कळ. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. मग तो रडत बोलला, "खाली पडला होता... तोंडातून रक्त येत होतं... तरी माझा पाय धरला... म्हणाला, मला मारा, पण त्याच्या हाताला लावू नका. हायप्रेशर वेल्डर हाय तो."

दादा, मी त्याचा पंजा पार चपटा करणार होतो. खरं सांगतो, मग गळ्याशी पण आलो असतो. पण ते ऐकलं आणि माझा हात दांड्यावरून निघाला. कटर कधी खाली पडला ते पण कळलं नाय. तू फोटो बघितला होतास. अंगठा नाय टाकलास, पण वाचला होतास, हायप्रेशर लिहिलेलं पण वाचलं होतंस.

मी तिथंच उभा राहिलो, म्हणून सापडलो. त्या दोघांनी मला मागून पाडलं आणि माझा उजवा हात ऐरणीवर धरून घणानं मारला. किती वेळा ते मोजलं नाय. ललितभाऊ ट्रकवाल्यांना घेऊन आत आला म्हणून मनगटापर्यंतच राहिलं.

इथल्या डॉक्टरांनी हातात तारा घातल्यात. वेल्डिंगचं विचारलं तर म्हणतात आधी भाकरी मोडता येते का बघू. खंडेराव शेजारच्या वार्डात आहे, दाराशी हवालदार बसवलाय. पोलिसांनी दोघांच्या पण तक्रारी लिहून घेतल्या. मला पण कोर्टात जावं लागणार. मी काही लपवलं नाय, मी दांडा फिरवला ते सांगितलं. तुमच्याकडं भाऊबिजेला काय झालं ते तू नाशिकरोडला लिहून दे, इथले साहेब म्हणतात त्याचा उपयोग होईल. आता पार्सलनं पाठवायला त्याच्याकडं हातच नाय, तेव्हा घाबरू नको.

पैसे शेडमध्ये सापडले नाय. गेले समज. तुझ्या नावावर लागलेला टॅक्स तू सोडवलास आणि मी तो बुडवला.

ललितभाऊनं शेडमधून माझे कागद काढून आणले. आधार, सर्टिफिकेट, मोबाइल. डबा पण आणला.

एक लिहायचं राहिलं. मीच त्याला म्हणालो होतो, तुम्हाला वाटेल तेवढ्या. तू ते वाचलं होतंस. गिरणीसमोरचं घर मीच सांगितलं, हे पण वाचलं होतंस. आणि तरी तू दार उघडलंस, त्याला बसायला सांगितलंस आणि आईनं चहा केला. तुझ्या जागी मी असतो तर दाराआड हातोडा घेऊन उभा राहिलो असतो. मला ते कळतच नाय. रात्रंदिवस पडून तेच बघतोय.

मोबाइलला चार्जिंग केलंय. आता लिहवत नाय, तारा ओढतात. वहिनीला म्हणावं माझा नंबर अनब्लॉक कर. रविवारी फोन लावतो. तुला बोलता येत नाय ते माहीत आहे. तू नुसता कानाला लाव आणि ऐक. मी बोलतो.

कट नको करू.

तुझा
वाल्या